गार्डबाबूंचं कोर्टमार्शल

जगातल्या यच्चयावत माणसांनी एकमतानं एखादी गोष्ट चांगली ठरवली असती, तरी "हे कोणत्या नियमात बसते?" असं विचारायला एक माणूस मागे उरलाच असता, आणि तो माणूस बालाघाटच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. सगळी वस्ती त्यांना गार्डबाबू म्हणे. छोट्या लाईनवरच्या पॅसेंजर गाडीचे ते गार्ड. मी त्याच स्टेशनावर मालबाबू, म्हणजे मालधक्क्यावरचा कारकून. तांदळाची पोती, बांबू आणि मँगनीज यांच्या पावत्या फाडणं हे माझं काम. नागपूरशी असलेलं सरकारी नातं तुटून आम्ही भोपाळला जोडले गेलो, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. कचेऱ्यांमधली मराठी हळूहळू हिंदी होत चालली होती, आमची मुलं एकमेकांशी हिंदीत भांडायला लागली होती. गार्डबाबू मात्र साहेबाशी हिंदीत, ड्रायव्हरशी अर्ध्या हिंदीत आणि नियमपुस्तकातला उतारा म्हणून दाखवायचा झाला तर इंग्रजीत बोलत. घरी आणि माझ्याशी ते आपल्या वऱ्हाडी वळणाच्या मराठीतच बोलत, आणि तीही वेळापत्रक वाचून दाखवल्यासारखी.

घरातला त्यांचा कारभार गाडीहून वेगळा नव्हता. गार्डाला प्रवासाची डायरी लिहावी लागते. कुठे गाडी किती मिनिटं थांबली, उशीर झाला तर कशामुळे, हे त्यात नोंदवायचं असतं. ती सवय त्यांच्या हाडात इतकी मुरली होती, की घरासाठीही त्यांनी एक वेगळी डायरी केली होती. ती त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, एकदा मला दाखवली. "जेवण सहा मिनिटं लेट. कारण : सरपण ओलं." दुसऱ्या दिवशी, "चहा चार मिनिटं लेट. कारण : शेजारीण." ही शेजारीण म्हणजे माझी बायको. त्याखाली वहिनींनी आपल्या अक्षरात भर घातली होती, "कारण चुकीचं. घरचा मानूस तीनदा मधात येऊन विचारून गेला, म्हून लेट." गार्डबाबूंनी ती नोंद खोडली नव्हती. उलट समासात सही करून 'पाहिले' असं लिहिलं होतं.

लग्नाच्या वरातीत ते कधी पुढे चालले नाहीत. सगळ्यात मागे राहायचे, बँडवाल्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्याही मागे, आणि मांडवाशी पोचल्यावर नवरदेवाच्या बापाला गाठून सांगायचे, "सारे आले. एक जण पानठेल्यावर उभा हाये, पण तो तुमचा नाई." रामपायलीच्या रामाला आम्ही दोन्ही घरं मिळून बैलगाडीनं गेलो, तेव्हा परत निघताना त्यांनी आमची मोजदाद दोनदा केली, मग गाडीवानाकडे पाहून हात वर केला, आणि तो हात वर होईपर्यंत गाडीवानाला बैल हाकू दिले नाहीत. गाडीवान म्हणाला, "मालक, हे बैल हायेत, इंजन नोहे." गार्डबाबू म्हणाले, "म्हणून तर जास्त सांभाळा लागते."

असा माणूस सिनेमाला जाणं शक्यच नव्हतं, आणि जातही नव्हता. "तिथं कोणी कोणाले विचारून काहीच करत नाई," अशी त्यांची सिनेमाविषयी तक्रार होती. पण एका हिवाळ्यात गोंदियाहून एका सिनेमाचे पत्र्याचे डबे त्यांच्याच डब्यातून आले, टॉकीजचा मॅनेजर ते उतरवून घ्यायला आला, आणि बोलता बोलता त्यानं सांगितलं की यात नाचगाणं नाही, अर्धाअधिक सिनेमा फौजेतल्या कोर्टातच चालतो. गार्डबाबूंनी विचारलं, "म्हणजे साक्षीपुरावे हायेत?" मॅनेजर म्हणाला, "वही तो है पूरा." त्यानं पास दिला आणि गार्डबाबू गेले.

सिनेमा इंग्रजांच्या अमलातल्या एका पलटणीचा होता. वाळवंटातली एक चौकी असते आणि तिच्या सुभेदाराला हुकूम असतो, की काही झालं तरी चौकी सोडायची नाही. गस्तीवर गेलेले चार शिपाई परत येत नाहीत. सुभेदार दोन दिवस वाट बघतो आणि मग आपली निम्मी माणसं घेऊन त्यांना शोधायला निघतो. चौघांनाही जिवंत आणतो. पण तेवढ्या वेळात चौकीवर हल्ला होतो, दारूगोळा लुटला जातो, राखणीला ठेवलेले शिपाई जखमी होतात. तिथून पुढे सगळं कोर्टमार्शल. शेवटी कोर्ट सुभेदाराला दोषी ठरवतं, त्याच्या खांद्यावरचे बिल्ले उतरवतं आणि पलटणीतून काढून टाकतं. तो फाटकातून बाहेर पडतो तेव्हा ते चार शिपाई, कुणाचा हुकूम नसताना, रांगेत उभे राहून त्याला सलाम करतात. इथे टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला हुंदके सुरू होत, आणि पहिल्याच दिवशी त्या हुंदक्यांच्या वरून पुरुषांच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला, "बराबर!"

तो आवाज गार्डबाबूंचा होता. ते सलामाला बराबर म्हणाले नव्हते, निकालाला म्हणाले होते. बायकांच्या बाजूला वहिनी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्यांनी आवाज ओळखला आणि सिनेमा संपल्यावर त्या नवऱ्याच्या बरोबर न येता माझ्या बायकोबरोबर घरी आल्या.

त्या सिनेमानं बालाघाटची दोन शकलं केली म्हटलं तरी चालेल. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, उर्दू फार झालं. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले एक हवालदार होते, त्यांनी पदकं डाव्याऐवजी उजव्या छातीवर लावलेली पाहिली आणि तेवढ्यावरून त्या कोर्टाचा निकालच रद्द ठरवला. परसवाड्याकडून बाजाराला आलेले शेतकरी एकमुखानं सुभेदाराच्या बाजूचे होते, "मानसं आनाले गेलता ना? चोरी कराले त नाई गेलता?" सगळ्यांत जोरात बोलायचे ते वकीलसाहेब. जिल्हा कोर्टात त्यांची बऱ्यापैकी वकिली होती आणि आवाज त्याहून मोठा होता. हॉटेलात चहाच्या टेबलावर हात आपटून ते सांगायचे, "मी असतो ना, तर पहिल्याच तारखेला सुभेदाराला सोडवून आणला असता. माणुसकी नावाची चीज कायद्याच्या वर असते, साहेब!" आणि हे सांगताना त्यांचे डोळे खरंच भरून यायचे.

गार्डबाबूंच्या घरात तर भिंतीपलीकडून मला रोज सुनावणी ऐकू यायची. वहिनी म्हणायच्या, "चार लेकरं वाळवंटात मरू द्यायची होती काय तुमच्या सुभेदारानं?" गार्डबाबू शांतपणे म्हणायचे, "चौकीवर जे राह्यले होते, ते कोणाची लेकरं होती? त्यायचं नाव सिनेमात सांगितलं नाई, म्हणून तुमाले ते दिसत नाई. नियम हा न दिसणाऱ्या मानसासाठी रायते." हे बोलणं ऐकून भिंतीच्या अलीकडे माझी बाजू थोडी डळमळली, हे कबूल करतो. तोवर मीही सुभेदाराच्याच बाजूचा होतो.

ते सिनेमा पुन्हा पुन्हा बघत राहिले. सिनेमा बालाघाटात होता तोवर आठदा पाहिला. नंतर डबे त्यांच्याच गाडीतून नैनपूरला गेले, तिथे दोनदा, आणि रजा टाकून जबलपूरला गेले तेव्हा एकदा. दर वेळी साक्षी नव्यानं ऐकायचे आणि निकालाला "बराबर!" म्हणायचे. घरची डायरी होतीच. तिच्या शेवटच्या पानांवर त्यांनी दोन रकाने आखले, 'दोषी' आणि 'निर्दोष', आणि सबंध लाईनवर ज्या कुणी तो सिनेमा पाहिला असेल त्याची साक्ष घ्यायला सुरुवात केली. गाडी सुटायला दोन मिनिटं उरली की प्लॅटफॉर्मवर एखाद्या प्रवाशाजवळ जाऊन विचारायचे, "सुभेदार दोषी का निर्दोष?" माणूस बिचारा भांबावून खिशातलं तिकीट काढून दाखवायचा. गोंदियाच्या व्यापाऱ्यांनी सांगितलं, गाणी नव्हती तर आम्ही मध्येच उठून आलो. ते त्यांनी 'साक्षीदार गैरहजर' असं लिहिलं. नैनपूरची रेल्वे कॉलनी जवळजवळ सगळी 'दोषी'च्या रकान्यात होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

जबलपूरहून मात्र ते खट्टू होऊन आले. तिथे छावणी आहे, फौजी माणसं आहेत, म्हणजे आपली बाजू पक्की होणार या खात्रीनं ते गेले होते. टॉकीजबाहेर एका म्हाताऱ्या फौजी माणसाला त्यांनी गाठलं, तर तो म्हणाला, "सज़ा भी ठीक थी, सूबेदार भी ठीक था।" गार्डबाबू माझ्या ओसरीत येऊन बसले आणि डायरी उघडून माझ्यापुढे धरली. "मालबाबू, हा मानूस उभा जन्म पलटणीत राह्यला, आन् असं बोलते. आता याले कोणत्या रकान्यात लिहू, सांगा?" मी म्हटलं, दोन्हीत लिहा. ते माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, "एकच गाडी दोन लाईनीवर उभी राह्यते काय, बाप्पा?" त्या म्हाताऱ्याचं मत त्यांनी कुठंच लिहिलं नाही.

मग सिनेमा गेला, लोक विसरले, उन्हाळा आला, पाऊस आला. आणि पुढच्या हिवाळ्यात ती गोष्ट घडली.

नैनपूरच्या वाटेवर जंगलातली बरीच छोटी थांबण्याची ठिकाणं होती. त्यांतलं एक अगदीच हॉल्ट होतं. तिथे ना स्टेशनमास्तर, ना पोर्टर. मुरुमाचा एक उंचवटा आणि पत्र्याची एक शेड, बस. संध्याकाळची गाडी तिथे एक मिनिट थांबायची. त्या दिवशी ती थांबली, दोन माणसं उतरली आणि जंगलातल्या पायवाटेनं निघून गेली. गार्डबाबूंनी प्लॅटफॉर्म मोकळा पाहिला, हिरवी झेंडी दाखवली, गाडी सुटली. दोन-अडीच मैल गेल्यावर पुढच्या डब्यातून आरडाओरडा झाला, लोकांनी खिडक्यांतून धोतरं, टॉवेल हलवले, आणि ड्रायव्हरनं गाडी थांबवली. त्या ड्रायव्हरला सगळी लाईन उस्ताद म्हणत असे. गार्डबाबू रुळांच्या कडेनं चालत पुढे गेले. एक बाई छाती पिटत होती. दोन लेकरांना घेऊन ती झोपून गेली होती, आणि तिची सहा वर्षांची मोठी पोरगी त्या हॉल्टवर पलीकडच्या बाजूनं उतरली होती. जाग आल्यावर बाईला वाटलं, ती डब्यातच कुठेतरी असेल. ती परत चढलीच नव्हती.

सूर्य झाडांत गेलेला होता. त्या जंगलात तेव्हा अस्वल होतं, बिबट्या होता, आणि त्याहून वाईट म्हणजे थंडी होती. कुणी म्हणालं, पुढच्या स्टेशनावर जाऊ आणि रुळांवरची ट्रॉली पाठवू. पुढचं स्टेशन पाच मैलांवर होतं. ट्रॉली जुळवून, माणसं गोळा करून ती परत येईपर्यंत अंधार पडला असता. उस्तादनं नंतर मला सांगितलं, "गार्डबाबू ने तीन बार घड़ी देखी। मैंने उस आदमी को घड़ी दूसरी बार देखते कभी नहीं देखा था।" तिसऱ्यांदा घड्याळ बघून झाल्यावर ते म्हणाले, "गाडी पीछे लो।"

वरची परवानगी नसताना दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी मागे घेणं हा आमच्या खात्यातला फार मोठा गुन्हा. उस्ताद म्हणाला, "लिख के दो।" गार्डबाबूंनी तिथेच, रुळाच्या कडेला, गुडघ्यावर वही ठेवून लिहून दिलं, सही केली, वेळ टाकली. मग शेवटच्या डब्याच्या पायरीवर उभं राहून, शिट्टी वाजवत, माणसाच्या चालीनं ती गाडी अडीच मैल उलटी नेली.

पोरगी शेडच्या खांबाला टेकून बसली होती आणि फ्रॉकच्या ओच्यातली बोरं खात होती. तिला उचलून डब्यात चढवलं तेव्हा तिनं विचारलं, "रेल उल्टी काहे आई?" गार्डबाबूंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इसका हाफ टिकट दिखाओ।" बाईनं रडत रडत पदराची गाठ सोडून ते दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून तपासलं, परत दिलं आणि आपल्या डब्याकडे गेले. डायरीत नोंद झाली, "गाडी मागे घेतली. एकंदर उशीर एक तास बारा मिनिटं. कारण : एक प्रवासी, वय सहा, हॉल्टवर राहिली. चूक : गार्डची. पलीकडची बाजू पाहिली नाही."

त्या गाडीत वकीलसाहेब होते. नैनपूरला त्यांची पुढची गाडी चुकली आणि मंडल्याची तारीख हुकली. त्यांनी घरी परतल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की वरच्या ऑफिसला तीन पानी तक्रार लिहिली. जंगलात गाडी उलटी चालवून शंभर प्रवाशांचे प्राण धोक्यात घातले, अशी. मला ते कळलं तेव्हा मी त्यांच्या बैठकीत जाऊन विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही तर सुभेदाराला सोडवणार होता?" ते जरा ओशाळले, पण खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "अरे, सिनेमातल्या त्या कोर्टात माझी तारीख नव्हती."

आरोपपत्र आलं. चौकशीत आरोपीला मदतीला एक सहकारी घेता येतो. तो सहकारी मी व्हावं म्हणून वहिनी स्वतः आमच्याकडे आल्या. एरवी भांडताना त्यांचा आवाज चार क्वार्टरांपलीकडे जायचा. त्या दिवशी त्या हळू बोलल्या. "भाऊ, त्यायची नोकरी गेली त मानूस वाचनार नाई. तुमी काहीबी करा, पन त्यायले बोलू देऊ नका." मी नियमपुस्तक घेऊन आठ दिवस बसलो. माझा बचाव चांगला होता. आमच्या एकेरी लाईनवर एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत ज्या ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा, त्याचीच गाडी त्या रुळांवर असते. गोळा उस्तादकडे होता, म्हणजे मागून दुसरी गाडी येणं शक्यच नव्हतं. वेग माणसाच्या चालीचा, मागे गार्ड स्वतः उभा. धोका कुठे होता? शिवाय उस्ताद माझ्याकडे येऊन डोळा मारून गेला होता, "आप फ़िक्र न करें। वो काग़ज़ बॉयलर में गया।"

चौकशी स्टेशनच्या पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये झाली, कारण टेबल तिथेच होतं. वरच्या ऑफिसातून एक साहेब आले. जाड चष्म्याचे, सर्दी झालेले, परतीची गाडी पकडायच्या घाईतले. खिडक्यांना अर्धी कॉलनी आणि हॉटेलातली मंडळी लटकली होती. साहेबांनी विचारलं, "आरोप मंज़ूर है?" मी उठून "नाही" म्हणायच्या आत गार्डबाबू म्हणाले, "हौ साब, मंज़ूर है।"

मी त्यांच्या बाहीला ओढून बसवलं आणि गोळ्याचा मुद्दा मांडायला लागलो. साहेब मान हलवून लिहून घेत होते. मला धीर आला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "साब, ये जो बता रहे हैं, वो नियम में कहीं नहीं लिखा। गोला हो तो भी परवानगी चाहिए। पीछे से ट्रॉली आ जाती तो?" साहेबांनी चष्म्यावरून पाहत मला विचारलं, "ये आपकी तरफ़ हैं या मेरी?" खिडक्यांत हशा पिकला.

मग उस्तादची साक्ष. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की गाडी मागे घ्यायला गार्डनं सांगितलंच नाही, औरत का रोना देखा नहीं गया, मैंने अपनी मर्ज़ी से पीछे ली. कागद? कसला कागद? गार्डबाबू उभे राहिले आणि आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करू लागले.

"उस्ताद, तुमने मुझसे लिख के माँगा था?"

"नहीं माँगा।"

"मैंने घुटने पे कापी रख के लिखा था?"

"मुझे याद नहीं, बाबू।"

"वेळ टाकली होती, पाच वाजून पाच?"

उस्ताद छताकडे बघायला लागला. गार्डबाबूंनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला निळसर कागद काढला आणि साहेबांच्या पुढे ठेवला. "उसका कार्बन, साब." खिडकीतून कुणीतरी मोठ्यानं कपाळावर हात मारून घेतला. मला आवाजावरून वाटलं, वहिनींनीच.

साहेबांनी तो कागद वाचला. डायरी वाचली, 'चूक : गार्डची' इथपर्यंत. रुमालानं नाक पुसलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "एक बात बताइए। यह फ़ाइल के लिए नहीं है। कल फिर वही बच्ची वहीं रह जाए, तो?"

गार्डबाबूंनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. नोकरीला अजून आठ वर्षं बाकी होती. शेवटी ते म्हणाले, "फिर पीछे लूँगा, साब। और आप फिर चार्जशीट दीजिएगा।" मग जरा थांबून, "फ़ाइल में लिखिए। दोनों बातें लिखिए।"

साहेबांनी लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. निकाल दीड महिन्यानं आला. आरोप सिद्ध, लेखी ताकीद, आणि वर्षभर पॅसेंजरवरून उतरवून मालगाडीवर. नोकरी राहिली. गावात पुन्हा दोन तट पडले. हॉटेलात हेडमास्तर, हवालदार आणि शेतकरी यांची आधीच्याच जोमानं भांडणं झाली, फक्त आता सुभेदाराच्या जागी आमचे शेजारी होते. वकीलसाहेब त्या चर्चेत भाग घेत नसत. स्टेशनावर भेटले की तेच आधी नमस्कार करत.

निकालाचा कागद आला त्या दुपारी भिंतीपलीकडून मला भांड्यांचा आवाज ऐकू आला. वहिनींनी विचारलं, "काय लिवलं?" ते म्हणाले, "दोषी." वहिनी म्हणाल्या, "बसा मंग जेवाले." ताटं वाढल्याचा आवाज झाला. मग गार्डबाबूंचा आवाज आला, "सुभेदाराची सजा बराबरच होती." ते पुढे म्हणाले, "पन मी त्या फाटकापाशी असतो, त मीबी उभा राह्यलो असतो, त्या चौघायसंगं." वहिनी म्हणाल्या, "येवढं बोलाले वरीस लागलं तुमाले. भात घ्या."

वर्ष संपल्यावर ते पुन्हा पॅसेंजरवर आले, उरलेली सात वर्षं पूर्ण केली आणि रिटायर झाले. त्या सात वर्षांत प्रत्येक हॉल्टवर ते स्वतः खाली उतरून गाडीच्या पलीकडच्या बाजूनं चक्कर मारून येत. त्यामुळे गाडीला रोज काही मिनिटं उशीर व्हायचा, आणि तो ते इमानानं आपल्या नावावर लिहीत. रिटायर झाल्यावर दोघं रामपायलीकडे आपल्या गावी गेले. तीन पावसाळ्यांनी वहिनी गेल्या. मी भेटायला जाऊन आलो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बालाघाटच्या प्लॅटफॉर्मवर, एका सकाळी. मुलीकडे नैनपूरला राहायला निघाले होते. एक ट्रंक आणि एक वळकटी. मी त्यांना डब्यात बसवून दिलं. ते बाकाच्या कडेवर अंग चोरून बसले होते. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवत, कधी खिडकीच्या गजाला धरत.

"नीट बसा ना," मी म्हटलं.

"बसलोच हावो." मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "मालबाबू, पॅसेंजर लोक गाडीत बसून करते तरी काय गा?"

"काही नाही. खिडकीतून बघतात."

त्यांनी यावर विचार केला. "मी बत्तीस वर्षं शेवटच्या डब्यात उभा राह्यलो. झाडं, नाले, मानसं, सारं दूर जातानाच पाह्यलं. समोरून येताना कसं दिसते, मले ठाऊकच नाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करूनच बसले होते. समोरच्या बाकावर एक तरुण मास्तर वर्तमानपत्र वाचत होता. त्याला विनंती केली, तो उठला, आणि गार्डबाबूंना मी इंजिनाकडे तोंड करून खिडकीपाशी बसवलं. शिट्टी झाली. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो, निरोपाचं काही बोलावं म्हणून. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गजाला कपाळ टेकून ते पुढे बघत होते. तिकडे सिग्नलच्या पलीकडे सागाची झाडं सुरू होत होती.